सेल बदलण्यापुरतं एक मिनिट

जून संपत आला आणि आमच्या रस्त्यावर परत गाद्या उभ्या राहिल्या.

लव्हालमध्ये, आणि नदीपलीकडे अख्ख्या मॉन्ट्रियलमध्ये, जुलैच्या पहिल्या तारखेला लोक घर बदलतात. ज्याला गरज तो, गरज पडेल तेव्हा, असं काही नाही. सगळे एकदम. भाड्याचे करार बहुतेकांचे एकाच वेळी संपतात, मग ह्या घरातला त्या घरात, त्या घरातला पलीकडच्या घरात, आणि मधल्या फुटपाथवर सगळ्यांचे संसार उघडे पडलेले. डाग पडलेल्या गाद्या, तीन पायांची खुर्ची, टोस्टर, घासून गुळगुळीत झालेले विंटर टायर, आणि वर चिकटवलेला कागद, फुकट आहे, घेऊन जा. बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून चार मित्र फ्रिज उतरवतात. त्यातले दोघे हुकूम देतात, एक जण फोन बघतो आणि फ्रिज चौथ्याच्या छातीवर असतो. संध्याकाळी पिझ्झाचे रिकामे खोके त्याच ढिगावर जाऊन पडतात. लिंडनच्या झाडांना ह्याच दिवसांत बारीक पिवळट फुलं येतात, मधासारखा वास सुटतो, आणि त्यात भिजलेल्या कार्पेटचा वास मिसळतो. बावीस वर्षं मी हे खिडकीतून बघते आहे, आणि बावीस वर्षं माझं मत एकच आहे, की ह्या लोकांना अक्कल नाही.

असं मत माझं पुष्कळांबद्दल असतं. मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकट करते. लग्न केलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांच्यात काय काय खोट होती ते आजही क्रमवार सांगू शकते. नागपूरला शेजारणी आईला म्हणायच्या, तुमची निलू हुशार आहे, पण जिभेला धार फार. आई म्हणायची, बापावर गेली.

तो बाप पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. उन्हातान्हात कालव्याच्या पातळ्या घेण्यात बाबांचा जन्म गेला. कौतुक हा शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही. दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा ते म्हणाले, शाळा लहान आहे. माझा धाकटा भाऊ राजू, जो आता कॅल्गरीत तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहे, तो पहिल्यांदा परदेशातून आला तेव्हा त्याने बाबांसाठी हातात मावणारा एक कॉम्प्युटर आणला. पानाच्या डब्यापेक्षाही लहान, राखाडी, हिरवट काचेचा, बाजूच्या खाचेत एक काडी. मोबाइल तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हता. बाबांनी तो डबा उलटसुलट करून पाहिला आणि राजूला म्हणाले, "ह्याच्यात काय वेगळं आहे? वही आहे माझ्याकडे." आणि दुसऱ्या दिवसापासून वही कपाटात गेली.

त्या डब्यात लिहायची एक तऱ्हा होती. काचेच्या खालच्या बाजूला एक चौकट, त्या चौकटीत एकेक अक्षर काढायचं, पहिल्याच्या डोक्यावर दुसरं, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरं, एकाच जागी. अक्षरही तुमच्या मनाचं नाही, त्याच्या मनाचं, काडी न उचलता एका फटक्यात. इंग्रजी ए काढायचा तर मधली आडवी रेघ द्यायची नाही, नुसता तंबू. टी ला डोक्यावर अर्धंच छप्पर. देवनागरी त्याला येत नव्हती, म्हणून बाबा मराठीच लिहीत, रोमन अक्षरांत. आठवड्याभरात त्यांचा हात बसला. मी म्हटलं, यंत्राने माणसाचं अक्षर शिकायचं, की माणसाने यंत्राचं? "तुला जमत नाही म्हणून बोलून राहिली," बाबा म्हणाले. मला जमत नव्हतं हे खरंच होतं. पुढे पुढे कागदावरही त्यांचे ए बिनरेघेचे यायला लागले, बँकेने एकदा फॉर्म परत पाठवला, तर बँकेलाच मूर्ख म्हणून आले.

मी त्याला डबडं म्हणत असे. आई डबी म्हणायची. बाबांचे सगळे फोन नंबर, वाढदिवस, कालव्यांच्या पातळ्या, आईच्या गोळ्यांच्या वेळा, जे काही ते डबीत.

आई गेल्यावर मी बाबांना इकडे आणलं. नागपूरचं घर आठ दिवसांत रिकामं केलं. मला सुट्टीच तेवढी होती, आणि मी कामाला लागले की मधे कुणी आलेलं मला खपत नाही. भंगारवाल्याला बोलावलं. बंद पडलेला मिक्सर, वायरींचं भेंडोळं, चार्जर, आणि त्यातच ते डबडं. कंपनीने त्याला बनवणं सोडून कैक वर्षं झाली होती. काडीला चिकटपट्टी लावलेली होती. भंगारवाल्याने ते तराजूत टाकलं तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांचा आवाज तेव्हा चांगला खणखणीत होता. ते काही बोलले नाहीत.

इथे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना कंपवात निघाला. आधी हात, मग चाल, मग आवाज. आवाज एकदम गेला नाही, एकेक पायरी उतरत गेला, आणि शेवटी ओठ हलताना दिसायचे, पण ऐकू काही यायचं नाही. कान तोंडाशी नेला की ते चिडून तोंड मिटायचे. अक्षराचंही तेच. ओळ सुरू होताना ज्वारीच्या दाण्याएवढं, संपताना खसखस. भिंगानेही लागायचं नाही. डोकं मात्र शाबूत होतं, हे मी एकटीच जाणून होते. मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांना नेलं, तर एकेक बाई येऊन त्यांच्या कानाशी ओरडायची, "काका, कसे आहात? ओळखलं का?" जणू काका बहिरे होते, किंवा तीन वर्षांचे. मी म्हटलं, ऐकू येतं त्यांना, तुम्हीच बोलण्यासारखं काही बोलत नाही. पुढच्या वर्षीपासून आम्हाला आमंत्रण आलं नाही, आणि मोदकही गारच असायचे त्यांचे.

उपाय झाले. एक चित्रांची पाटी आणली. तिच्यावर टोस्ट होता, अंघोळीचा टब होता, हसरा चेहरा आणि रडका चेहरा होता. पोहे नव्हते. बाबांनी ती उलटी करून तिच्यावर चहाचा कप ठेवला. राजूने कॅल्गरीहून एक मोठा टॅबलेट पाठवला, टाइप केलं की तो बोलतो म्हणे. बाबांचं थरथरतं बोट एका अक्षरावर पडलं की तेच अक्षर सात वेळा उमटायचं, आणि मग एक अमेरिकन बाई ते सातही वेळा बोलून दाखवायची. राजूला मी फोनवर म्हटलं, बापासाठी खेळणं पाठवलंस का? तो म्हणाला, "ताई, मी ट्राय तरी करून राहिलो ना." तो गरीब आहे स्वभावाने. त्याचाही मला राग येतो.

दोन वर्षांपूर्वीचा जून असाच होता, ह्याच वासाचा. माझं तेव्हाचं घर वरच्या मजल्यावर, बाहेरून लोखंडी जिना, आणि बाबांना आता जिना चढवेना. करार तीस जूनला संपत होता. लिफ्ट असलेल्या एका इमारतीत दोन जागा रिकाम्या होत्या, एक साडेतीन, एक साडेचार. इकडे घरं अशी मोजतात, सगळ्या खोल्या एकेक आणि वॉशरूम अर्धं. साडेतीन म्हणजे हॉल, किचन, एक बेडरूम. साडेचार म्हणजे बेडरूम दोन. इमारतीची मालकीण एक म्हातारी मादाम होती, तिने माझ्यासाठी दोन्ही अडवून ठेवल्या होत्या, पण महिन्यातल्या शेवटच्या रविवारपर्यंत. "दिमांश," ती बोट नाचवून म्हणाली, म्हणजे रविवार, पुढे नाही.

आता साडेतीन की साडेचार हा प्रश्न खोलीचा नव्हता. राजू म्हणत होता, बाबांना मी घेऊन जातो. त्याचं घर मोठं, बेसमेंट पूर्ण बांधून घेतलेला, खाली स्वतंत्र वॉशरूम, दिवसा नर्स ठेवता येईल. "तू दिवसभर काम करून राहिली, ते एकटे बसून राहिले. हे काय जगणं आहे का, ताई?" मी म्हटलं, "बापाला तळघरात ठेवणार तू." तो म्हणाला, "तळघर नाही गं, बेसमेंट आहे, हीटेड आहे." मी फोन ठेवला. मला पक्कं ठाऊक होतं की बाबांना माझ्याकडेच राहायचंय. त्यांना काय आवडतं, काय नाही, हे मीच सगळ्यांना सांगत असे. राजूने एकदाच विचारलं, "तू त्यांना विचारलंस?" आणि मी विषय बदलला, कारण विचारायचं कसं?

त्याच आठवड्यात एका सकाळी मी त्यांच्यासमोर ओट्सची वाटी ठेवली. त्यांचं बोट टेबलाच्या मेणकापडावर हलत होतं. ते नेहमीच हलायचं. मी त्याला थरथर समजत होते, डॉक्टरांनाही तसंच सांगितलं होतं. त्या दिवशी वाटीतलं थोडं दूध सांडलं होतं, आणि त्या दुधात बोटाने तंबू काढला. बिनरेघेचा. मग त्याच जागी दुसरं काहीतरी, मग परत तंबू. मी चमचा खाली ठेवला. माणूस सहा महिने माझ्यासमोर बसून लिहीत होता. एकाच जागी, एकावर एक, चौकटीत लिहावं तसं. आणि चुका शोधण्यात जिचे केस पिकले तिने ते पुसायला ओला फडका घेतला होता.

मग मी ते डबडं शोधायला लागले. घरबदलाच्या दिवसांत इकडे सगळ्या जगाचा कचरा विकायला निघतो, त्यामुळे मिळेल अशी खात्री होती. मिळाले ते विक्रेते. एकाकडे डबा होता, काडी नव्हती. एकाकडे काच तडकलेली होती, आणि तो त्या तड्यालाच कॅरेक्टर म्हणत होता, जुनेपणाचा रुबाब. एक दाढीवाला मुलगा डबा भिंतीवर फ्रेम करून लावायला विकत होता. जी वस्तू वापरता येत नाही तिला व्हिंटेज म्हणायचं, आणि जी वापरता येते ती फुटपाथवर ठेवायची, असा ह्या लोकांचा न्याय.

शेवटी मिळाला तो लव्हालमध्येच, माझ्यापासून दहा मिनिटांवर, देवधर नावाच्या मराठी माणसाकडे. टोरोंटोला एका बँकेत नोकरी लागली म्हणून हे लोक घर हलवत होते. मूळचे पुण्याचे, हे त्यांनी दार उघडायच्या आधी सांगितलं. कॉन्डोभर खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे त्याची छापील यादी. डबा मूळ खोक्यात होता. खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी पिशवीत.

"वीस वर्षांत एक ओरखडा नाही," देवधर म्हणाले.

"वापरलाच नसेल," मी म्हटलं.

"वापरला की किंमत जाते मॅडम. तुम्ही कलेक्शन करता का?"

"नाही. लिहायला पाहिजे."

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. "ह्याच्यावर लिहिणार? रोज?"

"पाटीवर लिहितात तसं," मी म्हटलं. "वडिलांना पाहिजे."

मग त्यांनी मला बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. मी चौदा कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली आहेत, आणि हा माणूस मला सांगत होता की बटण दाबलं की सुरू होतं. बॅकअपसाठी, डबा ज्यात उभा करून कॉम्प्युटरला जोडायचा असा, एक पाळणा दिला, त्याची पिन जाईल असं भोक आता कुठल्याच कॉम्प्युटरला नसतं, तेही हसत हसत सांगितलं. आणि म्हणाले, "एक लक्षात ठेवा. ह्याची मेमरी सेलवर चालते. सेल काढलेत की एक मिनिट मिळतं. तेवढ्यात नवे घातले पाहिजेत. मिनिट उलटलं की सगळं पुसलं, कोरी पाटी." मी मान हलवली. मी त्या वेळी त्यांच्या चपलांच्या कपाटाकडे बघत होते, त्यावरही छापील यादी होती. मान हलवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. जाताना त्यांनी एक जास्तीची काडी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि दारापर्यंत येऊन म्हणाले, "वडिलांना नमस्कार सांगा." मला माणसं शेवटी शेवटी चांगली वागली की वैताग येतो.

घरी आले. मेणकापड पुसलं, डबा बाबांसमोर ठेवला, काडी हातात दिली. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची ओढून बसले. काय बोलणार होते? तराजूत टाकताना दोघांनीही पाहिलं होतं. मग काडी चौकटीवर टेकली. हात थरथरत होता, पण ओळच नव्हती तर अक्षर लहान कुठून होणार, दर वेळी तीच चौकट, तीच जागा, आणि हाताला प्रत्येक फटका पाठ. एक चुकलं, ते मागे ढकललं, परत काढलं. दहा मिनिटांनी हिरवट काचेवर एक वाक्य उभं राहिलं. मी इथे आपल्या लिपीत लिहिते.

ओट्स बंद कर.

मी म्हटलं, "तुम्हाला आवडतात ना ओट्स."

कोणी सांगितलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मला माझ्याबद्दल पुष्कळ माहिती मिळाली. चहात साखर नसते. साखर माझीच बंद होती, त्यांना साखरेचं काहीच नव्हतं. ज्या बातम्या मी त्यांच्यासाठी लावून जायचे त्या बघून त्यांचं डोकं उठायचं. मोजे गरम नाहीत, घट्ट आहेत. मंडळातल्या बायकांना मी बोलले ते बरोबर बोलले. एवढं एक वाचून मी जरा सुखावले, तर पुढे होतं, मोदक चांगले होते. गुपचूप मी दोन चमचे साखर घातली, आलं ठेचून घातलं, आणि त्यांनी कप संपेपर्यंत मान वर केली नाही.

मंगळवारी मी विचारलं. "बाबा, राजू न्यायला तयार आहे. इथे दोन जागा आहेत, साडेतीन आणि साडेचार. रविवारी सांगायचंय. तुम्हाला काय पाहिजे ते लिहा." त्यांनी डबा स्वतःकडे ओढला, दुसऱ्या हाताचा आडोसा केला, परीक्षेत पोरं करतात तसा, आणि मला हाताने जा म्हटलं.

चार दिवस ते लिहीत होते. मी कामावरून आले की काडी चालू. खिडकी उघडी, खाली रस्त्यावर कुणी कपाट खेचतंय, फ्रेंचमध्ये शिव्या, लिंडनचा वास, नऊ वाजेपर्यंत उजेड, आणि टेबलाशी हा माणूस. एवढं लांब त्यांनी आयुष्यात मला काही लिहिलं नव्हतं. मी शहराबाहेर शिकायला होते तेव्हाची त्यांची पत्रंसुद्धा चार ओळींची, त्यातली एक हवामानाची. मी डोकावले तर ते काच झाकून घ्यायचे आणि बोटाने कॅलेंडरवरचा रविवार दाखवायचे. मी मनात उत्तर लिहून टाकलं होतं. साडेचार. राजूला फोनवर काय ऐकवायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

शनिवारी काच फिकी पडायला लागली. देवधरांनी दिलेले सेल संपत आले होते. बाबा अंघोळ करून पलंगावर टेकले होते. मी नवे सेल आणले, मागचं झाकण काढलं, जुने काढले, आणि फोन वाजला. राजू.

"ताई, तिकीट होल्डवर ठेवलंय. आज कन्फर्म करू का?"

"कशाला करतोस? त्यांनी चार दिवस लिहिलंय. उद्या वाचून दाखवते तुला."

"काय लिहिलंय?"

"मला ठाऊक आहे काय लिहिलंय," मी म्हटलं. आणि मग मी सुरू झाले. बेसमेंट, नर्स, टॅबलेट, वर्षातून दोनदा येणं, आईच्या वेळी उशिरा पोचणं. माझ्याकडे सगळं तयार होतं, एकामागून एक. राजू मधे एकदा म्हणाला, "मी काही म्हणत नाही." त्यावर मी आणखी बोलले. फोन खांद्याने दाबून धरला होता, हातात नवे सेल होते, आणि मी हातवारे करत होते त्या सेलनीच.

मग सेल घातले. काच उजळली. वर कोपऱ्यात एक फुली आली, आणि तिच्यावर काडी टेकवा अशी सूचना, जशी नव्या डब्याला येते.

मी तरीही सगळीकडे पाहिलं. आतल्या प्रत्येक कप्प्यात पाहिलं. राजू फोनमधून ताई, ताई करत होता. चुका शोधणं माझं काम आहे, आणि ही चूक शोधावी लागली नाही, ती माझ्या हातात होती. मी त्यांना दोनदा भंगारात काढलं. पहिल्या वेळी घाई होती. दुसऱ्या वेळी मी कोण कसं नालायक आहे ते सांगत होते.

बाबांना सांगायला मी पलंगापाशी गेले. नुसता डबा पुढे केला. त्यांनी फुली पाहिली. त्यांना कळलं, वीस वर्षांपूर्वी अस्साच डबा त्यांनी वापरला होता, ते मिनिट त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी काडी मागितली, फुलीवर टेकवली, मग दुसऱ्या कोपऱ्यातल्या फुलीवर, मग मधल्या. यंत्र तयार करून उशाशी ठेवलं आणि कुशीवर वळले.

रविवारी सकाळी मादामचा फोन आला. मी बाबांपुढे बसले. "बाबा, फक्त आकडा लिहा. बाकी नका लिहू." काडी टेकली. मी अक्षरं उलटी वाचत होते. साडे. मग भलतंच एक अक्षर उमटलं, ते मागे ढकललं. मग, तीन.

साडेतीन. एका माणसाचं घर.

मला राग आला नाही, ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ असेल. मला वाटलं बरोबर आहे, मीसुद्धा माझ्याकडे राहिले नसते. मी म्हटलं, "ठीक आहे. राजूला सांगते, तिकीट करून टाक." आणि उठले. पाठीमागे टेबलावर काडी वाजली. टक टक टक, शाळेत मास्तर छडी वाजवतात तशी. मी वळले. बाबा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी ओळखते, आरशात पाहिलेली आहे. त्यांचं लिहून झालेलं नव्हतं आणि मी उठले होते. मी परत बसले. ह्या वेळी बसून राहिले. तीन शब्दांना पाव तास लागला.

मी हॉलमध्ये. खिडकी.

मग साडेतीन घेतलं. मी राजूला फोन केला आणि माफी मागितली, ती मला नीट मागता आली नाही, तो म्हणाला, "राहू दे ताई, कळलं." जुलैच्या एक तारखेला मीही त्या बिनडोक लोकांत होते, ट्रकमागे उभी, हातात कुंडी, आणि फ्रिज खाली दोन जणांच्या छातीवर. हॉलमधल्या खिडकीशी बाबांचा पलंग लावला. त्यांनी बसल्या बसल्या पहिलं वाक्य लिहिलं, सोफा उलटा धरून राहिले गाढव.

दोन वर्षं त्या डब्यात तसलीच वाक्यं साचली आहेत. आमटीत गूळ कमी. राजूचा फोन, तेच ते. समोरची बाई कुत्र्याला स्वेटर घालते. तुझा सरकारी पत्राचा मसुदा चुकीचा आहे. मी ती वाचते. पण त्या चार दिवसांचं त्यांनी परत लिहिलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. गेल्या हिवाळ्यात एकदा झाली. बाहेर बर्फ पडत होता, मी खालचा बर्फ शोव्हलने उपसून आले होते, अंगात ऊब होती, आणि मी विचारून टाकलं, "बाबा, तेव्हा काय लिहिलं होतं?"

काडी बराच वेळ हलली. काचेवर आलं, तुझ्याबद्दल होतं. चांगलं.

मी थांबले. मला आता थांबता येतं.

एकदाच लिहितो मी, असं पुढे आलं. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला, कंपवाताने की कशाने, ते मला सांगता येणार नाही. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

ह्या वसंतापासून हात अक्षर काढत नाही. काडी धरतात, टेकवतात, चौकटीत काहीतरी उमटतं आणि डबा त्याचं भलतंच अक्षर करतो. ओळीभर टिंबं आणि आकडे. ते बघतात, डबा माझ्याकडे सरकवतात, आणि खिडकीकडे वळतात. लिहायला कुणी उरलं नाही तरी सेल संपतातच. दर तिसऱ्या रविवारी मी फोन बंद करून कपाटात ठेवते, नवे सेल टेबलावर मांडते, झाकण काढते.

आजही काढलं. खाली रस्त्यावर कुणी गादी ओढत होतं. बाबा माझ्या हातांकडे बघत होते, वर्गात मास्तर बघतात तसे, हिला जमतं का. जुने काढले, नवे घातले, काच उजळली. मी शेवटपर्यंत जाऊन पाहिलं. आमटी होती, कुत्रा होता, गाढव होते.

"आहे, बाबा," मी म्हटलं. "आहे तेवढं आहे."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीतून त्या गादीकडे बघायला लागले.